मसाल्याचा भिंतीवरचा रॅक, सागाचा, हातानेच केलेला: कामाच्या नोंदी

१० मार्च २०२४, रविवार

लाकडाला हात लावायच्या आधी ओट्यावर सगळ्या बाटल्या मांडल्या आणि काय रॅकवर जाणार काय नाही हे आधी ठरवलं, कारण रॅकचं माप बाटलीवरून निघतं, भिंतीवरून नाही. बहुतेक जण भिंत मोजून सुरुवात करतात आणि मग दीड इंचाची फट उरते किंवा बाटली आडवी ठेवावी लागते.

आई (माझ्या सासूबाई) पहिल्यांदाच म्हणाल्या, "हे बघ गं, मिसळणाचा डबा मी हलवणार नाही." बरोबरच आहे. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट हे फोडणीला एका हाताने घ्यायचं असतं, तेल तापलेलं असताना झाकणं फिरवत कोण बसणार. म्हणजे डबा ओट्यावरच. रॅकवर जाणार ते दुसऱ्या फळीतलं: धणे, धणेपूड, जिरेपूड, मेथ्या, ओवा, तीळ, खसखस, बडीशेप, दगडफूल, तमालपत्र, सुंठ, वेलची, गोडा मसाला, आणि आमच्याकडे सातारच्या बाजूचा कांदा-लसूण मसाला लागतोच. वर्षाचं तिखट आणि मसाला मोठ्या बरणीत आत अंधारात, खडा हिंग घालून. रॅकवर त्यातलं पंधरा-वीस दिवसांचं फक्त. तिखट आणि हळद दोन्ही उजेडाने फिकं पडतात, काचेच्या बाटलीत तर जास्तच, म्हणून रॅकवर कमी ठेवायचं आणि लवकर संपवायचं.

रॅकवर अजिबात नको ते: मीठ, चिंच, आमसूल. मीठ पाणी ओढतं, आमसूल तर आंबट आणि खारट दोन्ही, झाकणाचा पत्रा आणि आजूबाजूचे स्क्रू दोन्ही खातं.

बाटली एकाच मापाची ठरवली, व्यास ६५ मिमी, झाकणासकट उंची ११५ मिमी, भरलेली साधारण ३०० ग्रॅम.

१७ मार्च

जागा. पहिला विचार गॅसच्या वरच्या भिंतीचा होता कारण ती मोकळी आहे. तिथे वाफ, उष्णता आणि तेल तिन्ही येतं. नक्की किती लांबपर्यंत येतं हे बघायला एक सोपी गोष्ट केली, ओट्याच्या डाव्या भिंतीवर जुन्या वर्तमानपत्राचे कागद टेपने चिकटवून ठेवले होते मागच्या आठवड्यात. आज काढून उजेडासमोर धरले. गॅसपासून दोन फुटांपर्यंतच्या कागदावर तेलाचे पारदर्शक ठिपके स्पष्ट दिसतात, पुढे विरळ होत जातात आणि अडीच फुटांनंतर जवळपास नाहीत. म्हणजे रॅकची जवळची कड अडीच फुटांच्या पलीकडे. हा कागदाचा प्रयोग प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं, फुकट आहे आणि प्रत्येकाच्या घरात हवा वेगळी खेळते, पंखा कुठे, खिडकी कुठे त्यावर सगळं.

उंची. आईंचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात एका उंचीच्या वर जात नाही. त्यांना भिंतीशी उभं करून हातात भरलेली बाटली दिली आणि त्रास न होता जिथे ठेवता आली तिथे पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून १४५ सेंमी. ही खूण म्हणजे मधल्या कप्प्याची फळी. त्याच्या खालचा कप्पा पण त्यांचा, आणि सगळ्यात वरचा माझा, तिथे जायफळ, वेलची, तमालपत्र, सणावाराचं सामान.

आराखडा असा झाला: बाहेरून रुंदी ३० इंच, उंची ६२५ मिमी, खोली १०० मिमी. तीन कप्पे, प्रत्येकात फळी ते फळी मोकळी जागा १५५ मिमी, आणि खाली ७० मिमी उंचीचा एक ड्रॉवर, त्यात चमचे, फनेल, मसाल्याच्या उघडलेल्या पुड्या. ओट्यापासून तळ ३१ सेंमी वर.

खोली मुद्दाम १०० ठेवली. सहा इंच खोल केला की पुढे एक मागे एक अशा दोन रांगा होतात, मागची रांग विसरली जाते, तिथेच मग जुनी मेथीपूड निघते. शिवाय वजन भिंतीपासून जितकं पुढे तितका वरचा स्क्रू जास्त ओढला जातो.

२४ मार्च, होळी

लाकूड. आमच्या सोसायटीखाली कुणाच्या तरी मशीनच्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या पडल्या होत्या, फुकट मिळत होत्या, म्हणून आधी त्या बघितल्या. पॅकिंगच्या लाकडावर शिक्का असतो, त्यात एचटी असेल तर लाकूड तापवून किडे मारलेले, आणि एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबीवालं लाकूड स्वयंपाकघरात आणायचंच नाही. माझ्या समोरच्या फळ्यांवर शिक्काच नव्हता आणि दोन फळ्यांना टाचणीएवढी भोकं, खाली मैद्यासारखी भुकटी. ती भुकटी दिसली की विषय संपला, तो किडा घरातल्या बाकीच्या लाकडात पण जातो.

मग पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेले. साग घ्यायचा ठरवलं कारण एक तर ओलाव्यात कमी हलतो, म्हणजे फुगतो-आकसतो कमी, आणि गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. पण हे फक्त गाभ्याचं. सागाच्या कडेचा जो फिकट पांढरट भाग असतो त्याला कीड लागते, आणि दुकानात फळी हातात देताना ती कड सोबत येतेच, वजनात-मापात पैसे तिचे पण लागतात. फळी उन्हात नेऊन बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये पांढरी कड आणि गाभा यातला फरक कळत नाही.

घनफुटाचा हिशोब आधी घरून करून जा. माझ्या रॅकला आडव्या पाच फळ्या ३० इंचाच्या आणि उभ्या दोन २५ इंचाच्या, म्हणजे २०० इंच, साडेसोळा फुटांच्या थोडं वर. साडेचार इंच रुंद आणि एक इंच जाड कच्ची फळी धरली तर अर्धा घनफूट होतो, वर पट्ट्या, ड्रॉवर आणि वाया जाणारं धरून पाऊण घनफूट सांगितला. चार हजाराच्या आसपास दर पडला, म्हणजे तीन हजार गेले. स्वस्तातला साग पण होता, नुकता कापलेला, हाताला गार लागत होता. तो नाही घेतला. गार लागतो म्हणजे आत पाणी आहे आणि ते पाणी तुमच्या घरी येऊन सुकणार, सुकताना फळी वाकणार.

कटाई आणि मशीनचा रंधा तिथेच शेजारी करून घेतला, त्याचे साडेतीनशे. एक पट्टी मात्र खास सांगून ४५ अंशात लांबीला चिरून आणली, ती कशाला ते पुढे येईल. हाताच्या करवतीने अडीच फूट लांब तिरका काप सरळ आणणं फार अवघड आहे, तिथे पैसे द्यावेत.

९ एप्रिल, पाडवा

लाकूड घरात आणून पंधरा दिवस नुसतं ठेवलं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. टिंबरच्या वखारीतली हवा आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली हवा वेगळी, फळीला इथली सवय व्हायला वेळ लागतो.

पण एक फळी वाकली. बाकीच्या फळ्या मधे पट्ट्या घालून एकावर एक रचल्या होत्या आणि ही एक जागा नव्हती म्हणून सरळ फरशीवर पालथी राहिली. वरून हवा, खालून फरशी, म्हणजे एकच बाजू सुकली आणि रुंदीत पन्हळीसारखी वळली, मधे दोन मिमीच्या वर पोकळी. उलटी करून, खाली पट्ट्या देऊन, वर वजन ठेवून बघितलं, थोडी परत आली, पूर्ण नाही. ती फळी लांब कामाला बाद, तिचे छोटे तुकडे करून ड्रॉवरच्या बाजू काढायच्या ठरवल्या, कारण तुकडा अरुंद केला की वाक पण तेवढाच कमी होतो. फळी फेकायची गरज नसते, तिची जागा बदलायची असते.

२१ एप्रिल

आज खाचा. उभ्या दोन फळ्यांवर आडव्या फळ्या बसायला ६ मिमी खोल खाच, फळी १८ ची म्हणजे एक तृतीयांश. यापेक्षा खोल गेलं तर उभी फळी कमजोर होते. नुसत्या स्क्रूवर फळ्या टांगता येतात, पुष्कळ रेडीमेड रॅक तसेच असतात, पण मग सगळं वजन स्क्रूच्या आट्यांवर. खाचेत फळी बसली की वजन लाकडावर लाकूड असं येतं, स्क्रू फक्त धरून ठेवतो.

दोन्ही उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून क्लॅम्पने आवळल्या आणि गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून दोन्हींवर एकदम रेघा मारल्या. वेगवेगळ्या मोजल्या की अर्धा-एक मिमी फरक येणारच आणि मग फळी तिरकी. रेघ पेन्सिलीने नाही, कटरच्या पात्याने. पात्याच्या रेघेत पटाशीची (लाकूड तासायच्या छिन्नीची) धार आपोआप बसते आणि वरच्या लाकडाचे ढलपे उडत नाहीत.

बारीक दातांच्या करवतीने दोन्ही कडा ६ मिमी कापायच्या, मधलं लाकूड पटाशीने काढायचं, दोन्ही बाजूंनी मध्याकडे. एका बाजूने सरळ आरपार ठोकत गेलात तर पलीकडची कड फुटते.

सागाबद्दल एक, त्यात वाळूचाच घटक असतो, सिलिका, त्यामुळे धार फार लवकर जाते. प्रत्येक खाचेनंतर पटाशी दगडावर फिरवावी लागली. धार गेलेल्या पटाशीने जोर लावला की ती घसरते आणि दुसऱ्या हातात घुसते, म्हणून कंटाळा करू नका. आणि सागाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, शिंका आणि हाताला खाज. मास्क लावूनच, आणि बाल्कनीत.

२८ एप्रिल

आजचा दिवस दुरुस्तीत गेला. खाचा कापल्या होत्या १८.५ मिमीच्या, तेव्हा फळ्यांची जाडी तेवढी होती. त्यानंतर फळ्यांवरच्या मशीनच्या लाटा काढायला हातरंधा आणि पॉलिश पेपर मारला आणि फळ्या १७.८ ला आल्या. आता प्रत्येक खाचेत फळी हलते. क्रम उलटा हवा: आधी फळी पूर्ण गुळगुळीत करून संपवायची, मग तीच फळी खाचेच्या जागी उभी धरून तिच्याच दोन्ही कडांनी रेघ मारायची. मोजपट्टीची गरजच नाही.

पांढरा फेव्हिकॉल फट भरून काढत नाही, दोन लाकडं एकमेकांना चिकटलेली असतील तरच तो धरतो. लांबी (फटी भरायची पुट्टी) भरली तर ती पुढे सुटते. मग उपाय असा केला, रंध्याने सागाच्याच लांब अखंड ढलप्या काढल्या, त्या खाचेच्या खालच्या नाही तर वरच्या भिंतीला चिकटवल्या, म्हणजे फळी खालच्या मूळ कडेवर टेकते आणि वजन ढलपीवर येत नाही. सुकल्यावर पटाशीने जास्तीचं साफ केलं. फळ्या आता हाताने दाबून आत जातात आणि उलटं धरलं तरी पडत नाहीत. बाहेरून बघितलं तर एक बारीक रेघ दिसते, रंग सारखाच असल्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

१ मे, महाराष्ट्र दिन

गोंद न लावता सगळं जोडून बाटल्या ठेवून बघितल्या. याच दिवसाने रॅक वाचवला असं म्हणेन.

बाटली पुढे पडू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला पुढून आडवी पट्टी आहे, १२ मिमी उंचीची. ती फळीपासून ३० वर बसवायची म्हणजे पट्टीची वरची कड ४२ वर. कप्प्याची मोकळी जागा १५५, बाटली ११५, उरले ४०. म्हणजे बाटली सरळ उचलून पट्टीवरून काढताच येत नाही, तिरकी करावी लागते आणि तिरकी करताना झाकण वरच्या फळीला अडतं. मी दोन्ही हातांनी काढू शकत होते, आईंना एका हाताने काढून बघायला सांगितलं, खांदा वळवावा लागला. ते चालणारच नाही.

पट्टी खाली आणली, आता वरची कड २५ वर. बाटली उचलली की १५ मिमी मोकळे राहतात, सहज निघते. बाटली अजूनही पडत नाही, पंचवीस मिमी पुरतात. शिवाय पट्टी खाली गेल्यामुळे बाटलीवरची चिठ्ठी पूर्ण दिसते, आधी निम्मी झाकली जात होती. सूत्रच सांगायचं तर: कप्प्याची मोकळी उंची = बाटली + पट्टीची वरची कड + बोटभर.

१३ मे

मतदानाची सुट्टी, सकाळी लवकर मत देऊन आलो आणि मग गोंद लावायला बसलो. या कामाला दुसरा माणूस पाहिजेच, नवऱ्याला धरून बसवलं.

सागात नैसर्गिक तेल असतं, गोंद नीट धरत नाही. म्हणून जोडाच्या जागा थिनरच्या फडक्याने पुसल्या, उडून जाईपर्यंत दोन मिनिटं थांबले आणि लगेच गोंद लावला. आदल्या दिवशी पुसून ठेवून उपयोग नाही, तेल आतून परत वर येतं. गोंद साधा नाही, मरीन म्हणजे पाण्यात टिकणारा घेतला, स्वयंपाकघरात वाफ आणि ओलं फडकं रोजचंच.

क्लॅम्प आवळल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजायचे, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. माझ्यात ४ मिमी फरक होता म्हणजे चौकट तिरकी. लांब कर्णावर एक क्लॅम्प तिरका लावून हळूहळू आवळला, दोन्ही सारखे झाले तिथे थांबले. हे गोंद ओला असतानाच, नंतर काही करता येत नाही.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला तर तो लाकडाच्या छिद्रांमध्ये पसरतो आणि पॉलिश लावल्यावर तिथे पांढरट डाग उठतो. अर्धा तास थांबून, रबरासारखा झाला की पटाशीने खरवडून काढला, पूर्ण निघाला.

पितळी स्क्रू पुढून दिसतात म्हणून ते बोहरी आळीतून मुद्दाम आणलेले. सागात पितळी स्क्रू सरळ पिळला की डोकं तुटून हातात येतं, एकाचं आलं. अडकलेला तुकडा काढायला बराच वेळ गेला. बाकीच्यांना आधी ड्रिलने भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून बाहेर काढायचा, आटे तयार होतात, मग पितळीला मेणबत्तीचं मेण चोळून हळू. साबण चोळतात काही जण, साबण ओलावा धरतो, मेण बरं.

१९ मे

पॉलिश काय लावायचं यावर घरात दोन मतं होती म्हणून उरलेल्या तुकड्यांवर परीक्षाच घेतली. एक कोरा, एकाला जवसाचं तेल, एकाला स्पिरिटमधली लाख, एकाला पाण्यातलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. सुकल्यावर प्रत्येकावर तेलात कालवलेली हळद रात्रभर, आणि एका कोपऱ्यावर गरम चहाचा कप.

कोऱ्या सागावर हळद कायमची बसली. जवसाच्या तेलावर पण बसली, जरा कमी, आणि कच्चं तेल असल्याने कितीतरी दिवस हाताला चिकट लागत राहिलं आणि वास गेला नाही, मसाल्याशेजारी तो वास नको. लाख दिसायला सगळ्यात सुंदर, सागाचा सोनेरी रंग तिच्यातच खरा उठतो, पण कपाखाली पांढरं वर्तुळ पडलं. लाखेला उष्णता आणि पाणी सोसत नाही. पीयूवर हळदीचा डाग पुसल्यावर किंचित पिवळट राहिला तो दोन दिवसात उजेडाने गेला, कपाचं काही झालं नाही. पीयू ठरलं. रंगाला जरा निस्तेज आहे हे मान्य, पण हा रॅक रोज पुसला जाणार आहे.

जवसाचं तेल ज्यांना लावायचं असेल त्यांनी एक लक्षात ठेवा, तेल पुसलेले कपड्याचे बोळे गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळे पसरून बाहेर वाळवायचे किंवा पाण्यात बुडवायचे. मी परीक्षेचं छोटं फडकं पण बाल्कनीच्या दांडीवर पसरून वाळवलं.

पाण्यातल्या पीयूचा पहिला हात दिला की लाकडाची लव उभी राहते, हात खरखरीत लागतो, घाबरू नका. सुकल्यावर ३२० नंबरचा पेपर हलका मारायचा, पुसायचं, मग दुसरा, तिसरा पातळ हात. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त हात, पाणी तिथूनच शिरतं.

२६ मे

भिंत. मागे म्हटलेली तिरकी चिरलेली पट्टी आता. एक अर्धी भिंतीला, तिचं टोकदार अंग वर आणि खोबण भिंतीच्या बाजूला, दुसरी अर्धी रॅकच्या पाठीला उलटी. रॅक वरून खाली सरकवला की दोन्ही एकमेकीत अडकतात. खाली त्याच जाडीची एक साधी पट्टी टेकू म्हणून, नाहीतर रॅक खालून आत झुकतो. फायदा असा की रॅक कधीही दोन हातांनी उचलून काढता येतो. आपल्या स्वयंपाकात फोडणी रोज, कितीही लांब ठेवला तरी दोन-चार महिन्यांनी तेलकट थर बसतोच, भिंतीला कायमचा ठोकलेला रॅक मागून कधी पुसलाच जात नाही. मला विचाराल तर या सगळ्या कामात हीच एक गोष्ट सोडू नये.

आईंची शंका होती, "मागे फट राहिली की झुरळं होणार." खरं आहे, १८ मिमीची फट राहते. पण पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि लाकूड भिंतीला चिकटून असेल तर मागून काळं पडतं, म्हणून फट हवी, आणि महिन्यातून एकदा रॅक उतरवून पुसायचा असं आमचं ठरलं.

भोकं पाडण्याआधी: स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली वायर असते, नळाच्या सरळ वर पाइप असू शकतो. त्या दोन्ही रेषा सोडायच्या. आमचा स्विचबोर्ड नेमका मधे येत होता, रॅक चार इंच डावीकडे सरकवला.

पहिल्या भोकाला ५० मिमीचा स्क्रू घेतला होता. हिशोब चुकतो तो इथे: १८ पट्टीत गेले, २० प्लास्टरमध्ये, विटेत उरले फक्त १२. आवळताना प्लग गोल फिरायला लागला आणि प्लास्टरची खपली निघाली. प्लास्टर वजन धरत नाही, वीट धरते. ७५ मिमीचे स्क्रू आणले, ८ मिमीचा प्लग हातोडीने प्लास्टरच्या आत विटेपर्यंत ढकलून बसवला, म्हणजे विटेत ३७ मिमी गेले. एका ठिकाणी ड्रिल सरसर आत गेलं आणि लालऐवजी करडी भुकटी आली, म्हणजे दोन विटांमधला सांधा लागला. ते भोक सोडून चार सेंमी बाजूला दुसरं पाडलं. पट्टी लांब असल्याने जुनं भोक झाकलं गेलं. भुकटीचा रंग बघत ड्रिल करा, लाल म्हणजे वीट.

लेव्हल लावली तर कळलं की टाइल्सची ओळच सिंककडे उतरती आहे, रॅकच्या रुंदीत ४ मिमी. लेव्हलला बरोबर लावला की टाइलच्या रेषेजवळ रॅक वाकडा दिसतो. मी टाइलच्या रेषेला धरून लावला. चार मिमीने बाटली घसरत नाही, डोळ्याला मात्र रोज खुपलं असतं. यावर कुणाचं वेगळं मत असू शकतं.

रॅक चढवण्याआधी नुसत्या भिंतीवरच्या पट्टीला तांदळाच्या आणि पिठाच्या पिशव्या मिळून वीस किलो रात्रभर टांगून ठेवले. तीस बाटल्या नऊ किलो, रॅक सहा, म्हणजे पंधराच्या आसपास खरं वजन. सकाळी पट्टी आणि भिंत यात कागद सरकवून बघितला, कुठे गेला नाही.

२ जून

बाटल्या भरल्या. पीयूचा वास पूर्ण जाईपर्यंत आठवडा रिकामा ठेवला होता, मसाला वास ओढतो म्हणून. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात, आईंना चष्म्याशिवाय वाचता येतील अशा, आणि झाकणावर भरल्याची तारीख. खालच्या कप्प्यात डावीकडून धणेपूड, जिरेपूड, गोडा मसाला, कांदा-लसूण, हा क्रम आईंनी स्वतः लावला आणि तोच राहणार.

२८ जुलै

गुरुवारी पुण्यात जो पाऊस झाला त्यानंतर ड्रॉवर उघडेना. मे महिन्यात, लाकूड पूर्ण कोरडं असताना, वर अर्ध्या मिमीची फट ठेवून बसवला होता आणि तेव्हा तो फार सुंदर सरकत होता. लाकूड लांबीला जवळपास वाढत नाही, रुंदीला वाढतं. ड्रॉवरची ७० मिमी उंची म्हणजे लाकडाची रुंदीच, पावसाळ्यात ती मिमीच्या आसपास फुगली आणि फट संपली. रॅकच्या बाकी चौकटीला काही झालं नाही कारण तिथे सगळ्या फळ्यांची रुंदी एकाच दिशेला, पुढे-मागे आहे, वाढल्या तर एकत्र वाढतात.

जोर लावून ओढला तर मूठ निघून आली असती. रॅक पट्टीवरून उतरवला, आडवा केला, मागून ड्रॉवर लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोकून बाहेर काढला. चकाकलेल्या जागा दिसत होत्या, तिथेच घासत होता, फक्त वरची कड रंध्याने दीड मिमी उतरवली. आत्ता, पूर्ण फुगलेला असताना एक मिमी मोकळा राहील इतकंच, जास्त काढलं तर उन्हाळ्यात खडखडेल. उघड्या पडलेल्या कडेला पीयूचे दोन हात, तळाला मेणबत्ती. उन्हाळ्यात ड्रॉवर करणाऱ्यांनी फट दोन मिमी ठेवा, पावसाळ्यात करणाऱ्यांनी अर्धा ते एक चालेल.

उतरवलेलाच होता म्हणून मागची भिंत बघितली. पट्टीच्या खाली हाताला दमट लागतं पण लाकडावर बुरशी नाही. झुरळं नाहीत, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. गॅसकडच्या बाजूच्या फळीवर तेलाचा पातळ थर, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून पुसला, निघाला.

खर्च, ज्यांना अंदाज हवा त्यांच्यासाठी: साग तीन हजार, कटाई आणि मशीन रंधा साडेतीनशे, पीयू सहाशे, मरीन गोंद, थिनर आणि पेपर मिळून चारशे, पितळी आणि लांब स्क्रू, प्लग, ड्रिलचं बिट पाचशेच्या आत. बाटल्या वेगळ्या. हत्यारं घरात होती, ड्रिल शेजारच्यांचं. वरच्या कप्प्याच्या पट्टीचा उजवीकडचा स्क्रू पुन्हा आवळायला हवाय, पावसात नाही, दिवाळीच्या साफसफाईला रॅक खाली येईल तेव्हा.